गच्ची गेली, आता तळावपाळी

आमची ठाण्यातल्या नौपाड्यातली बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी गेला तो गच्चीचा कठडा. पाडकाम वरूनच सुरू करतात त्यामुळे साहजिकच आहे, पण मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होते आणि पोटात कसंतरी झालं, कारण त्याच कठड्याला टेकून आम्ही चौघं सहा वर्षं दर रविवारी रात्री बोलत आलो होतो. जेवणं उरकून साडेनऊला वर जायचं, सतरंजी टाकायची, आणि खाली यायला कधी साडेबारा तर कधी एक.

चौघं म्हणजे कोण ते सांगते. दुसऱ्या मजल्यावरचे आबा, पंचाहत्तरी पार केलेले, पाय साथ देत होते तोपर्यंत आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत वारी केलेले. तळमजल्यावरचे काका, वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत आयुष्य गेलं, युनियनचं काम केलं, कंपनी बंद झाली तरी त्यांचं मार्क्सचं वाचन काही बंद झालं नाही. तिसरा दादा, हा आमच्या बिल्डिंगमधला नाही, कळव्याला राहतो, माझ्या भावाचा कॉलेजमधला मित्र, भाऊ पुण्याला गेला पण दादाचं येणं चालूच राहिलं. बौद्ध घरातला, आणि नुसता जन्माने नाही, अभ्यासाने. आणि मी, ऐरोलीला नोकरी, ठाणे ते ऐरोली ट्रेनमधला वेळ सोडला तर वाचायला दुसरा वेळ नाही अशी.

सुरुवात वाळवणामुळे झाली. एप्रिलमध्ये आईने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि मी संध्याकाळी त्या गोळा करायला गेले तर आबा कोपऱ्यात बसून अमृतानुभव वाचत होते. मी सहज विचारलं, आबा ज्ञानेश्वरी का? ते म्हणाले, "नाही पोरी, ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका आहे, हे माउलींचं स्वतःचं." एवढ्या एका वाक्यावर मी कुरडया तशाच ठेवून खाली बसले. अंधार पडला, आई शोधत वर आली, तीही थोडा वेळ बसली. पुढच्या रविवारी काका आले, मग दादा.

आता मी जे सांगणार आहे ते मला खूप दिवस लिहायचं होतं. धर्म, तत्त्वज्ञान, राजकारण या विषयांवर लोक बोलत नाहीत असं नाही, उलट सतत बोलतात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, पण ते सगळं दहा मिनिटांचं असतं. आणि माझा सहा वर्षांचा अनुभव असा आहे की पहिल्या तासात माणूस वाचलेलं बोलतो, ऐकलेलं बोलतो, आपल्या गटाचं बोलतो. स्वतःचं बोलायला तो दुसऱ्या तासात लागतो. काका पहिल्या तासात कायम वर्गसंघर्ष सांगायचे, आणि एका रात्री साडेअकराच्या पुढे कधीतरी त्यांनी सांगितलं की कंपनीच्या गेटला कुलूप लागलं त्या दिवशी ते घरी न येता कोपिनेश्वराच्या देवळात जाऊन दोन तास बसले होते, आणि का बसले ते त्यांना आजही सांगता येत नाही. हे दहा मिनिटांत बाहेर येत नाही. दहा मिनिटांत फक्त "धर्म ही अफू आहे" एवढंच येतं.

त्या अफूच्या वाक्याबद्दलही सांगते. ते वाक्य आम्ही सगळ्यांनीच अर्धं पाठ केलेलं असतं. मार्क्सने १८४४ मध्ये छापलेल्या त्या लेखात त्याच्या आधी लिहिलंय की धर्म हा पिचलेल्या जीवाचा सुस्कारा आहे, हृदयशून्य जगाचं हृदय आहे. काकांनी हे पूर्ण वाचून दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, "मग हा माणूस आमच्यावर रागावलेला नाही, ज्यांनी आम्हाला सुस्कारा टाकायला लावला त्यांच्यावर रागावलाय." काका पटकन काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "अहो आबा, चाळीस वर्षं मी हे भाषणात वापरलं, पण असं मला कोणी सांगितलं नव्हतं."

अमृतानुभवावर आमचा जवळजवळ एक पावसाळा गेला. दहा प्रकरणं, आठशेच्या आसपास ओव्या, त्यातलं अज्ञानखंडनाचं सातवं प्रकरण सगळ्यात मोठं. मला तोपर्यंत शाळेतलं एवढंच माहीत होतं की जग माया आहे, अज्ञान गेलं की ब्रह्म कळतं वगैरे. तर ज्ञानदेव म्हणतात की अज्ञान नावाची स्वतंत्र वस्तूच नाही, आणि हे जग म्हणजे फसवणूक नसून त्या एकाच चैतन्याचा विलास आहे. म्हणजे समोरची विटांची भिंत, खालून येणारा रिक्षाचा आवाज, कुरडयांचा वास, यातलं काहीही सोडून पळायची गरज नाही. मी ऐरोलीच्या ऑफिसमध्ये दिवसभर स्क्रीनकडे बघून थकलेली बाई, मला हे ऐकून काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही, पण कितीतरी दिवस सकाळी ट्रेनमधून पारसिकचा डोंगर दिसला की वाटायचं, हाही विलासच.

आणि त्याच ग्रंथात एक जागा आहे जिथे आमची सगळ्यात चांगली रात्र झाली. ज्ञानदेव शिवसूत्र या शैव ग्रंथाचा दाखला देतात की ज्ञानही बंधनच आहे, गीतेचाही देतात, आणि मग म्हणतात की हे शिवाने किंवा कृष्णाने सांगितलं म्हणून आम्ही मानतो असं नाही, त्यांनी सांगितलं नसतं तरी ते असंच आहे. आबांनी हे वाचलं आणि दादा ताठ बसला. म्हणाला, "आबा परत वाचा." मग त्याने कालाम सुत्त, म्हणजे बुद्धाचा एक उपदेश, सांगितला. केसपुत्त गावचे कालाम लोक बुद्धाला विचारतात की इथे येणारा प्रत्येक जण स्वतःचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं म्हणतो, आम्ही कोणाचं धरायचं? आणि बुद्ध सांगतात की परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून धरू नका, स्वतः पारखा, अकुशल वाटलं तर सोडा, कुशल वाटलं तर धरा. आबांचे डोळे भरून आले होते. पण मला आवडलं ते हे की दोघंही तिथे थांबले नाहीत. सगळं एकच आहे, सगळे धर्म सारखे, असं म्हणून विषय मिटवायचा मोह असतो, आणि मला ते खोटं वाटतं, कारण पुढच्याच मिनिटाला दादा म्हणाला, "पण आबा, तुमच्या माउलींना शेवटी आत्मा सापडतो, बुद्धाला शोधून सापडत नाही." आणि पुन्हा साडेबारा वाजले.

दादाकडे मिलिंदप्रश्न हा जुना बौद्ध ग्रंथ आला तो वडिलांकडून. वडील औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये काढलेलं कॉलेज, तो परिसरच नागसेनवन म्हणून ओळखला जातो. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. राजा विचारतो तू कोण, नागसेन म्हणतो मला नागसेन म्हणतात पण ते नुसतं नाव आहे, आत कोणी व्यक्ती सापडत नाही. राजाला हे पटत नाही. मग नागसेन विचारतो, महाराज आपण इथे कशातून आलात? रथातून. मग रथ म्हणजे काय, चाक रथ आहे का, आस रथ आहे का, दांडी रथ आहे का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्याच्या जुळणीला रथ हे नाव दिलंय.

हे मी गच्चीवर ऐकलं तेव्हा समजलं होतं. पण कळलं बिल्डिंग पाडली तेव्हा. कठडा गेला, मग पाण्याची टाकी, मग तिसरा मजला, आणि रोज येता जाता मी स्वतःला विचारायचे की आता ही आमची बिल्डिंग आहे का, अजून आहे का? एक दिवस नुसता जिना उरला होता आकाशात जाणारा. मग तोही नाही. आणि गंमत बघा, आमची सोसायटी आजही रजिस्टर्ड आहे, तिचं नाव आहे, तिची मीटिंग होते, मेंटेनन्सचा हिशोब वाचला जातो, सेक्रेटरी आहे, फक्त बिल्डिंग नाहीये. जागेवर चाळीस फूट खड्डा आहे. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, हे उदाहरण नागसेनाला मिळालं असतं तर रथ लागला नसता."

आता भांडणाबद्दल, कारण ते न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. इलेक्शनचे दिवस होते, सगळीकडेच वातावरण तापलेलं. दादाने संविधान सभेतलं बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढलं, त्यातला राजकारणातल्या भक्तीचा भाग. आबांना काय ऐकू आलं तर "भक्ती म्हणजे अधोगती". ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर उभं आहे त्याने हे ऐकलं, उठले, सतरंजीचं आपलं टोक सोडवून घेतलं आणि खाली गेले. मीही चुकले. आबांची बाजू घ्यायची म्हणून मी दादाला रात्री मेसेज केला की तुला काय गरज होती म्हाताऱ्या माणसाला दुखवायची. म्हणजे मी दोघांचंही ऐकलं नव्हतं. चार महिने गच्चीवर कोणी गेलं नाही.

कोजागिरीला सगळी बिल्डिंग वर होती, दूध आटत होतं, दादालाही आईने बोलावलं होतं. काकांनी आबांना आणि दादाला एका बाजूला बसवलं आणि युनियनच्या वाटाघाटीत करतात तसं केलं. म्हणाले, "आपलं कोणी काही बोलायचं नाही. आबा, तुम्ही दादाचं म्हणणं सांगा. दादा, तू आबांचं सांग. समोरचा हो म्हणेपर्यंत सांगत राहायचं." आबा हसले, म्हणाले हा तर पूर्वपक्ष झाला. खरंच आहे, आपल्याकडे शास्त्र लिहिणारा आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मांडतो, आणि शंकराचार्यांच्या भाष्यात तर विरोधकाची बाजू कधी कधी इतकी भक्कम असते की उत्तर येईपर्यंत आपण तिकडेच वळलेले असतो.

आबांना तीन वेळा सांगावं लागलं. दोनदा दादा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा आबा म्हणाले, "बाबासाहेबांचं म्हणणं असं की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा रस्ता असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा आली की तो अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता." दादा म्हणाला हो, हेच. आणि आबा म्हणाले, "पहिलं अर्धं मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं रे." मग स्वतःच पुढे म्हणाले की वारीत मी ज्याच्या पाया पडतो तो उलट माझ्या पाया पडतो, लहान मोठा बघत नाही, तुझ्या त्या राजकारणातल्या भक्तीत पुढारी उलट वाकतो का? नाही वाकत. मग ती आमची भक्ती नव्हे, तिला दुसरं नाव शोधा. बाबासाहेबांच्या त्या वाक्यावर मी लेख वाचलेत, व्याख्यानं ऐकलीत, पण वारकऱ्याने आतून दिलेली ही पुस्ती मला कुठे मिळाली नाही.

दादाने ते मान्य केलं आणि तरीही सोडलं नाही. म्हणाला, "आबा, एकमेकांच्या पाया पडणं चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. पंढरपूरच्या देवळाचं दार आमच्या लोकांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. मधली सहाशे वर्षं कुठे गेली?" यावर आबा काही बोलले नाहीत. सारवासारव केली नाही, "तेव्हा काळच तसा होता" असंही म्हणाले नाहीत. दूध निवलं. बऱ्याच वेळाने दादाच म्हणाला की बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांचं मूळ शोधणारं पुस्तक काढलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलंय, म्हणजे चोखोबांना त्यांनी सोडलं नव्हतं. आणि त्याची आजी दीक्षेनंतरही दळताना चोखोबांचा अभंग म्हणायची, घरातले थांब म्हणाले तरी. हे त्याने सहा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

मिलिंदप्रश्नातच एक जागा आहे, रथाइतकी प्रसिद्ध नाही पण मला ती जास्त जवळची. चर्चा सुरू करण्याआधी नागसेन राजाला विचारतो, आपण पंडितांसारखं बोलणार की राजांसारखं? पंडित बोलतात तेव्हा गुंडाळणं होतं, उलगडणं होतं, चूक दाखवली जाते, चूक कबूल केली जाते आणि कोणी रागवत नाही. राजे बोलतात तेव्हा एक मुद्दा धरतात आणि जो विरोध करेल त्याला शिक्षा देतात. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू. आणि राजा हो म्हणतो. मला वाटतं आपल्यातला प्रत्येक जण फोन हातात घेतला की राजा होतो, शिक्षा द्यायची सोय आपल्याकडे आहे, ब्लॉक करा, ग्रुपमधून काढा, मी तो मेसेज केला तोही शिक्षेचाच प्रकार. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असं वेगवेगळं सांगितलंय. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली चर्चा, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काही मांडायचं नाही फक्त समोरच्याचं पाडायचं. आज मराठीत "वाद घालू नकोस" म्हणजे भांडू नकोस. तिघांतला जो चांगला शब्द होता तोच आपण भांडणाला देऊन टाकला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या स्वतःच्या प्रश्नांना मी खूप उशिरा आवाज दिला. दोन वर्षं मी फक्त ऐकायचे, चहा करून न्यायचे. मग बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी वाचली. सगळ्यांना एवढंच माहीत असतं की ती हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय असं विचारत जाते आणि याज्ञवल्क्य तिला म्हणतात फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. लोक तिथेच थांबतात. पण ती थोड्या वेळाने त्याच सभेत परत उठते, म्हणते मी दोन प्रश्न विचारणार, धनुर्धर दोन बाण घेऊन उभा राहतो तशी मी उभी आहे, आणि या वेळी तिला अक्षर, म्हणजे कधीही नाश न पावणाऱ्या, ब्रह्माचं पूर्ण उत्तर मिळतं. हे मी गच्चीवर सांगितलं आणि त्याच रात्री पहिल्यांदा आबांना विचारलं की मुक्ताबाई चांगदेवांची गुरू झाली, मग आमच्या घरातल्या बाईने रात्री साडेबाराला गच्चीवरून खाली आल्यावर सासरकडच्यांना उत्तर का द्यावं लागतं? आबा म्हणाले, "हे मला माउलींना विचारावं लागेल." काका म्हणाले माउलींना कशाला, मला विचार, कारण घरकाम कोणी पगारात धरत नाही. दोन्ही उत्तरं अर्धी आहेत, मी अजून विचारते आहे.

आता आम्ही तळावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठी, बसतो. आबा भाड्याने चरईत, काका किसननगरला, मी पाचपाखाडीत. गडकरी रंगायतनच्या बाजूच्या कठड्यावर जागा मिळाली तर बरं, नाहीतर फिरत फिरत बोलायचं. गच्चीची सर नाही. गाड्यांचे हॉर्न, पोरांचे फुगे, बोटिंगवाल्यांच्या हाका, आणि आबांना एका कानाने आता कमी येतं, त्यामुळे ते मध्ये बसतात आणि त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला ज्याला बोलायचंय तो. म्हणजे एका वेळी एकच माणूस बोलतो. हे गच्चीवर कधी जमलं नव्हतं.

परवाच्या रविवारी आबा खड्डा बघून आले होते. म्हणाले पाणी साचलंय, त्यात आकाश दिसतं. मग दादाला जवळ बोलावून म्हणाले, "तुझ्या नागसेनाला माझा एक प्रश्न विचार. बिल्डिंग हे नाव होतं, मान्य. मग आपण गच्चीवर सहा वर्षं जे बोललो ते कशाच्या आधाराने होतं? आधार गेला आणि ते तर अजून आहे."

दादा बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मला वाटलं बोलेल, नाही बोलला. उठताना म्हणाला, एक आठवडा द्या. मी प्रश्न वहीत उतरवून घेतलाय, तारखेसकट.